तळ्यावर बाटली पोहोचली, नियम कधी पोहोचणार?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, किनारी जलकृषी प्राधिकरण, चेन्नई
मा. अध्यक्ष व सदस्य, जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती (जीईएसी), नवी दिल्ली

विषय : कोळंबी व माशांच्या रोगांवर फेज (फक्त जिवाणूंना मारणारे विषाणू), विशेषतः जनुकीय बदल केलेले फेज, वापरण्यासाठी नियम करण्याबाबत

स. न. वि. वि.

आपल्या दोघांना मिळून एकच पत्र लिहायची पद्धत नसेल. पण ज्या गोष्टीबद्दल लिहितो आहे ती नेमकी आपल्या दोघांच्या टेबलांमधल्या फटीत पडली आहे, म्हणून दोन्ही नावं एकाच कागदावर घेतली.

मी पालघर जिल्ह्यात खाडीलगत चार तळ्यांत व्हनामी कोळंबी करतो. त्याआधी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या एका हॅचरीत सहा वर्षं टेक्निशियन म्हणून काढली. म्हणजे पिल्लू अंड्यातून निघतं तिथपासून ते बर्फाच्या क्रेटमध्ये जातं तिथपर्यंतचा सगळा प्रवास हाताखालून गेला आहे.

मागच्या हंगामात एक औषधविक्रेता बांधावर आला. खोक्यातून त्याने एक लिटरची बाटली काढली. आत फिकट पिवळं, जरा गढूळ पाणी. लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘फेज’ आणि खाली विब्रिओवर, म्हणजे कोळंबीला रोग करणाऱ्या जिवाणूवर, रामबाण असल्याचा दावा. कुठला फेज, कुठल्या विब्रिओवर चालतो, एका मिलिलिटरमध्ये किती, फ्रिजमध्ये ठेवायचा की सावलीत, कोणी तपासला, यातलं एक अक्षर नाही. मी विचारलं, “हा निसर्गातला आहे की जनुकं बदललेला?” तो म्हणाला, “साहेब, एकदम लेटेस्ट आहे.” शेजारच्या तळेवाल्याने दोन बाटल्या घेतल्या.

त्याला मी नावं ठेवणार नाही. बीज सोडून पंचवीस दिवस झालेले असतात, खाद्य तपासायचा चेक ट्रे वर काढला की खाद्य तसंच पडलेलं दिसतं, बॅटरीच्या उजेडात कोळंबी धरली की आतडं रिकामं, हेपॅटो, म्हणजे पचनग्रंथी, फिकट आणि आक्रसलेलं. बँकेचा हप्ता, खाद्याची उधारी, एरेटरचं वीजबिल त्या एका ट्रेवर उभं असतं. अशा वेळी माणूस बाटलीवरचं लेबल वाचत बसत नाही. ते आधीच कुणीतरी वाचलेलं असायला हवं, आणि ते काम आपलं आहे.

हॅचरीतली एक रात्र सांगतो. पिल्लं मायसिस अवस्थेत होती. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागली. ब्लोअर थांबल्यामुळे टाक्यांमधलं पाणी निपचित पडलं होतं. मी काठावरून हात घालून ढवळलं आणि हाताभोवती हिरवट-निळा उजेड पसरला. बीकरमध्ये पाणी घेतलं तर टाचणीच्या टोकाएवढं एकेक पिल्लू स्वतंत्र चमकत होतं. नवख्या माणसाने बघत राहावं असं दृश्य. तो विब्रिओ हार्वेयी होता, आणि चमकणारं पिल्लू म्हणजे मरणारं पिल्लू. उजाडेपर्यंत टाकीच्या तळाला पांढरा थर बसला. सकाळी आमच्या हातात एक डबा आला, लेबल खरवडलेला, आत पिवळी पावडर, बहुधा अँटिबायोटिक. टाका म्हणाले, टाकली. त्या हंगामात सगळ्या टाक्यांत टाकली. महिन्याभराने तीच पावडर दुप्पट टाकूनही पाणी चमकतच राहिलं. टाक्यांचं पाणी पाइपने थेट समुद्रात जात होतं.

दुसरा अनुभव माझ्या स्वतःच्या तळ्यावरचा आहे आणि तो सांगताना मला अजून लाज वाटते. काढणीपूर्व चाचणीत माझ्या कोळंबीत एओझेड सापडलं, म्हणजे नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या अँटिबायोटिकचा अंश. मी ते औषध कधी विकत घेतलं नव्हतं. खाद्यात मिसळायला आणलेल्या ‘गट प्रोबायोटिक’च्या पुडीतून ते आलं, हे नंतर कळलं. निर्यातवाल्याने माल नाकारला. माल तळ्यात ठेवला असता तर आठवड्यात सगळा गेला असता. मी तो स्थानिक बाजारात विकला. परदेशातल्या माणसाने जे खाल्लं नसतं ते माझ्या तालुक्यातल्या लोकांनी खाल्लं. युरोपने २०१६ मध्ये आपल्या जलकृषीच्या मालाची तपासणी १० वरून ५० टक्के खेपांपर्यंत नेली तेव्हा आपल्याकडे मोठी धावपळ झाली. पालघरच्या बाजारातल्या टोपलीची तपासणी मात्र कोणी करत नाही.

फेजकडे मी वळलो तो या दोन गोष्टींमुळे.

माझ्या आईला हे समजावताना पहिली अडचण शब्दाचीच आली. “विषाणू तळ्यात घालणार? मग ती कोळंबी खाणार कोण?” तिचं चुकलं नाही. शब्दातच विष आहे, आणि कोरोनाच्या दोन वर्षांनी तो शब्द घराघरात भीतीसकट बसवला. मी तिला सांगितलं ते असं : फेज हा फक्त जिवाणूला लागणारा विषाणू. माणसाच्या, माशाच्या, कोळंबीच्या पेशीत त्याला शिरताच येत नाही. तो जिवाणूला चिकटतो, आपली जनुकं आत सोडतो, आत त्याची पिल्लावळ वाढते आणि जिवाणू फुटतो. खाडीच्या चमचाभर पाण्यात असे कोट्यवधी विषाणू आजही आहेत, आणि आपण त्यातच पोहलो, त्यातलीच कालवं आणि निवट्या खाल्ल्या.

हे काही परदेशातून आलेलं नवं खूळही नाही. १८९६ मध्ये अर्नेस्ट हॅन्किन या संशोधकाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मारणारं काहीतरी असल्याचं नोंदवलं. फेलिक्स द’हेरेलने १९१७ मध्ये त्याला बॅक्टेरिओफेज हे नाव दिलं आणि पुढच्या दशकात तो पटकीवर फेज वापरायला भारतातच आला होता. मग अँटिबायोटिक आली आणि जॉर्जियातल्या तिबिलिसीसारखी मोजकी ठिकाणं सोडली तर जग हे विसरलं. माशांच्या बाबतीत जपानी लोकांनी धागा पुन्हा उचलला. हिरोशिमा विद्यापीठातल्या तोशिहिरो नाकाई यांच्या गटाने २००० च्या आसपास आयु माशाला खाद्यातून फेज देऊन स्यूडोमोनास या जिवाणूचा रोग आटोक्यात येतो हे दाखवलं. आपल्याकडे मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात इंद्राणी करुणासागर आणि सहकाऱ्यांनी २००६-०७ च्या सुमारास हॅचरीच्या टाक्यांत हार्वेयीवर फेज वापरले, आणि अँटिबायोटिक दिलेल्या टाक्यांपेक्षा फेजच्या टाक्यांत जास्त पिल्लं वाचली. नॉर्वेत सॅमनला होणाऱ्या यर्सिनिया जिवाणूच्या रोगावर फेजचं मिश्रण प्रत्यक्ष विकत मिळतं. म्हणजे प्रश्न ‘हे शक्य आहे का’ हा राहिलेला नाही.

नॉर्वेचा दाखला बैठकांमध्ये नेहमी दिला जातो. १९८७ मध्ये तिथल्या सॅमनला जवळपास ५० टन अँटिबायोटिक लागत होती, आज उत्पादन कितीतरी पट वाढूनही एक टनापेक्षा कमी लागतात, आणि याचं मोठं श्रेय लसीला आहे. पण सॅमन हा मासा आहे. त्याला सुई टोचता येते आणि त्याचं शरीर प्रतिपिंडं तयार करून रोग लक्षात ठेवतं. कोळंबीकडे ती यंत्रणा नाही. एका तळ्यात लाखो पिल्लं, एकेक तांदळाच्या दाण्याहून हलकं. नॉर्वेची वाट आम्हाला तशीच्या तशी चालता येणार नाही, म्हणून फेजचं महत्त्व आमच्या धंद्यात जास्त.

आता जनुकीय बदलाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

शेडच्या एका कोपऱ्यात मी छोटी प्रयोगशाळा मांडली आहे. प्रेशर कुकर, एक जुना इन्क्युबेटर, पेट्री डिश. खाडीच्या गाळाचं पाणी बारीक फिल्टरमधून गाळलं आणि माझ्याच तळ्यातल्या विब्रिओच्या थरावर त्याचा एक थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी दुधी थरात मोहरीएवढे स्वच्छ ठिपके पडले होते. त्या ठिपक्यांत एकही जिवाणू नव्हता. खरं सांगतो, मी ती डिश घरात सगळ्यांना दाखवली. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर एका स्वच्छ ठिपक्याच्या मधोमध दोन बारीक वसाहती उगवल्या होत्या. फेज ज्या कडीला धरून आत शिरतो ती कडीच बदललेले ते विब्रिओ. आणि पुढच्या तळ्यातून आणलेल्या विब्रिओवर तर माझ्या फेजचा काहीच परिणाम झाला नाही. निसर्गातल्या फेजची मर्यादा ही अशी. तो फार चोखंदळ असतो, आणि जिवाणू त्याला लवकर ओळखतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. काही फेज जिवाणूला मारत नाहीत, त्याच्या जनुकांत मुक्काम करतात आणि येताना भलतंच सामान आणतात. पटकीचं विष बनवणारं जनुक जिवाणूत फेजनेच आणून ठेवलेलं आहे, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. ऑस्ट्रेलियात विब्रिओ हार्वेयीमध्ये असा एक फेज सापडला आहे की तो घुसला की निरुपद्रवी जिवाणू मारक बनतो. म्हणजे जनुकं न वाचता गाळातून काढून बाटलीत भरलेला ‘नैसर्गिक’ फेज आगीतून फुफाट्यात टाकू शकतो. नैसर्गिक ते सुरक्षित आणि बदललेलं ते घातक, ही आपल्याकडची सरधोपट विभागणी इथे टिकत नाही.

उलट, जनुकीय बदलाने हाच धोका काढता येतो. २०१९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या उपचाराचा अहवाल आला. फुफ्फुसं बदलल्यावर तिला झालेल्या संसर्गावर कुठलंच औषध चालत नव्हतं. अमेरिकेतल्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेने तीन फेज दिले. त्यातल्या दोघांना जिवाणूत मुक्काम करायची सवय होती, म्हणून मुक्कामाला लावणारं जनुक कापून टाकलं होतं. मग ते मारूच लागले. मुलगी घरी गेली. कोळंबीच्या विब्रिओवर हेच करता येईल : मुक्कामाचं जनुक काढा, विषाचं जनुक नाही याची खात्री करा, कडी बदलली तरी धरता येईल असं शेपूट बसवा. लवकर मरतुकीच्या रोगात, ज्याला आपण ईएमएस म्हणतो, विषाची जनुकं एका सुट्या प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या वेगळ्या कड्यावर, असतात. नेमक्या त्याच प्लास्मिडवर कात्री चालवणारा फेज बनवायची कल्पनाही शास्त्रज्ञ मांडतात. मासे-कोळंबीतलं हे बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतच आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच पत्र आज लिहितो आहे. तिथून बाहेर पडल्यावर ते आधी कुठे जाईल ते मी बांधावर पाहिलं आहे.

एक गोष्ट माझ्या शेतकरी बांधवांसाठीही स्पष्ट लिहायला हवी, कारण विक्रेते ती लिहिणार नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे, त्यावर फेजचा काडीचा उपयोग नाही. ईएचपी हा बुरशीच्या कुळातला परजीवी आहे, त्यावरही नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचं एक प्रथिन दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून कोळंबीला खाऊ घालायचे प्रयोग झाले आहेत, पण ती वेगळी वाट आहे. ‘सर्व रोगांवर फेज’ असं कुणी म्हटलं तर त्याला बांधावरूनच परत पाठवा.

कायद्याकडे येतो. फेजमध्ये जनुकीय बदल केला की तो जनुकीय बदल केलेल्या जिवांबद्दलच्या १९८९ च्या नियमांखाली जीईएसीकडे जातो, इतकं सरळ आहे. बदल न केलेला फेज काय आहे? औषध, खाद्यपूरक की प्रोबायोटिक? मी तीन ठिकाणी विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. या गोंधळात बाटली कुठलंही नाव लावून विकली जाते. बदललेला फेजही उद्या त्याच बाटलीतून येईल, कारण डोळ्यांनी, वासाने, चवीने फरक कळतच नाही.

हो नाही आणि नाहीही नाही, अशा अवस्थेत काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली, २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली, आणि तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा निर्णय लोंबकळत राहिला. विदर्भात ते बियाणं चोरट्या पाकिटांतून येत राहिलं आणि जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरलं. त्या आंदोलनाची बाजू घ्यायची की विरोध करायचा हा वेगळा वाद. मला दिसतं ते इतकंच की पाकीट बनावट निघालं तर शेतकऱ्याला तक्रार करायलाही जागा नव्हती. बियाणं निदान शेतात राहतं. आमचं पाणी भरती-ओहोटीला खाडीत जातं.

म्हणून मी सरसकट मंजुरी मागत नाही. किनारी जलकृषी प्राधिकरणाचा जन्मच लोकांच्या रास्त रागातून झाला. कोळंबीच्या तळ्यांनी भातशेती आणि विहिरी खारवल्या म्हणून तमिळनाडूतली गांधीवादी माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली, ११ डिसेंबर १९९६ ला निकाल आला आणि त्यातूनच पुढे २००५ चा कायदा झाला. मी त्याच धंद्यात आहे, तरी त्या माणसांचं म्हणणं खरं होतं असं मानतो. त्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न, ‘तुमचं पाणी आमच्याकडे येतं त्याचं काय?’, बदललेल्या फेजलाही लागू आहे.

माझ्या मते बदललेला फेज आधी फक्त हॅचरीत जावा. तिथे टाक्या छपराखाली असतात, पाणी मोजकं असतं, आणि सोडण्याआधी क्लोरीन देऊन त्यातले फेज मारता येतात, असं करायला भाग पाडलं तर. उघड्या तळ्यांत त्याला आज परवानगी देऊ नका. सांडपाणी शुद्ध करायची पूर्ण व्यवस्था माझ्या चार तळ्यांवर नाही. माझं पाणी आजही नुसतं थोडा वेळ थांबवून खाडीत जातं. स्वतःच्या धंद्याविरुद्ध लिहितोय असं कुणाला वाटेल, पण माझ्या तळ्यात बदललेला फेज घालण्याइतकी माझी तयारी नाही, आणि माझ्यासारख्या बहुतेकांची नाही.

बदल न केलेल्या फेजसाठी मात्र थांबायचं काही कारण नाही. प्राधिकरणाने त्याचा स्वतंत्र वर्ग करावा. बाटलीतल्या प्रत्येक फेजची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचलेली असावी आणि ती लोकांसाठी खुली असावी. मुक्काम करणारा, विषाचं किंवा औषधाला दाद न देण्याचं जनुक बाळगणारा, जिवाणूची जनुकं इकडून तिकडे नेणारा फेज बाद. लेबलवर मिलिलिटरला किती जिवंत फेज आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे त्या त्या राज्याच्या भाषेत. आणि विब्रिओचा संग्रह हवा, प्रत्येक किनारी जिल्ह्यातून दर हंगामाला नमुने घेऊन, म्हणजे पालघरचा फेज पालघरच्या विब्रिओवर चालतो का हे बाटली विकण्याआधी कळेल. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आमच्यापासून दोन-तीन तासांवर आहे, चेन्नईत खाऱ्या पाण्यातल्या जलकृषीची केंद्रीय संस्था आहे. कामाची माणसं आहेत, त्यांना काम सोपवायचं बाकी आहे.

हा खर्च कोणी करायचा? २०२३-२४ मध्ये देशाने ६०,५२३ कोटी रुपयांचे सागरी पदार्थ निर्यात केले, त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे ४०,०१३ कोटी होते. एवढ्या उलाढालीच्या धंद्याला जिवाणूंचा एक संग्रह परवडत नाही, हे मला पटणार नाही.

मालकीचाही प्रश्न आहे. फेज शोधायला कंपन्या आमच्याच खाडीचा गाळ नेणार. त्यात एक जनुक बदलून पेटंट घेतलं तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे त्या गावाचा वाटा काय, हे मंजुरीच्या कागदावरच लिहिलेलं असावं. नंतर भांडून मिळत नाही.

शेवटची मागणी सभेची. जीईएसीच्या बैठका दिल्लीत होतात, कागदपत्रं इंग्रजीत असतात. या विषयावर किनाऱ्यावर सभा घ्या, पालघरला एक आणि सिंधुदुर्गात एक, मराठीतून. तळेवाल्यांबरोबर आमच्या बांधाच्या खालच्या अंगाला कालवं फोडणाऱ्या आणि निवट्या धरणाऱ्या बायकांना बोलवा. ओहोटीला त्या चिखलात असतात, तेव्हा वेळ भरतीचं कोष्टक पाहून ठरवा, नाहीतर खुर्च्यांवर फक्त आम्ही आणि विक्रेते बसू. नव्या हंगामाचं बीज आमच्याकडे फेब्रुवारीत पडायला लागतं. सभा त्याआधी व्हावी. माझ्या चारही तळ्यांच्या तीन वर्षांच्या नोंदी, विब्रिओ वाढवून मोजायच्या टीसीबीएस प्लेटचे फोटो आणि शेडमधल्या फ्रिजमध्ये ठेवलेले विब्रिओचे नमुने मी घेऊन येईन. शेजाऱ्याने घेतलेल्या दोन बाटल्यांपैकी एक अजून न उघडलेली आहे. ती त्याने तपासणीसाठी द्यायचं कबूल केलं आहे.

आपला,
पालघर जिल्ह्यातला एक कोळंबी उत्पादक